दिवाळीच्या सुट्टीत जपानची जुनी गावं : आधी जेवण ठरवा, मग रस्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत बारा दिवस, माणसं चार : तुम्ही दोघं, ६६ वर्षांची आई आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. तोक्यो-क्योतोची गर्दी नको. जुनी लाकडी गावं, शेतं, डोंगर आणि घरगुती जेवण हवं. यादीत शिराकावा-गो, ताकायामा, मागोमे-त्सुमागो, कोयासान, इयाचं खोरं आणि गिंझान ओन्सेन अशी सहा नावं. आई आणि सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही. हे सगळं बसेल का, आणि रेल्वेचा पास घ्यावा का?

मी चौदा वर्षं नागोयात राहते आणि दर वसंतात, दर शरदात मराठी कुटुंबांना त्सुमागोच्या बाजूच्या किसो आणि ताकायामाच्या बाजूच्या हिदा भागात घेऊन जाते. तुमची यादी वाचल्यावर माझ्या मनात पहिली चिंता आली ती अंतराची नाही, संध्याकाळी सहाची. जपानी खेड्यात दुकानं आणि खानावळी चार-पाच वाजता बंद होतात. सहा-साडेसहाला मुक्कामाच्या घरी ताट वाढलं जातं आणि त्या रात्री खायला मिळतं ते तेवढंच. ‘इथलं नाही आवडलं तर बाहेर काहीतरी बघू’ हा शहरातला मार्ग तिथे नसतो. म्हणून मी नेहमी उलट्या क्रमाने जाते : कुठल्या घरात झोपायचं आणि तिथल्या चुलीवर आपल्यासाठी काय शिजेल हे आधी, गाड्यांचं वेळापत्रक नंतर.

तरी नकाशापासून सुरुवात करू, कारण दोन नावं लगेच कमी होतात. गिंझान ओन्सेन पार उत्तरेला यामागाता प्रांतात आहे आणि इया शिकोकु बेटाच्या मधोमध. गिंझानचे जे फोटो पाहून माणूस भुलतो ते बर्फातले असतात, आणि दिवाळीत तिथे बर्फ नसतो. इयाचा वेलींचा पूल दर तीन वर्षांनी नव्याने बांधतात, फार देखणा आहे. पण पायाखालच्या लाकडांमधल्या फटींतून थेट नदी दिसते आणि त्या खोऱ्यात हातात गाडी नसेल तर बसच्या वेळांवर दिवस जातो. या खेपेला दोन्ही सोडा.

उरलेली चार एका ओळीत बसतात. नागोयात एक रात्र प्रवासाचा शीण घालवायला, मग त्सुमागो दोन रात्री, ताकायामा तीन, शिराकावा-गो एक, तिथून बसने कानाझावा गाठून त्याच दिवशी रेल्वेने ओसाका, तिथे एक, आणि शेवटी कोयासान दोन. तिकीट काढताना उतरायचं नागोयाला किंवा तोक्योला आणि परत निघायचं ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून, असं मिळालं तर एक पूर्ण दिवस वाचतो.

आता जेवण. जपानी स्वयंपाकात दाशी म्हणजे आपल्याकडची फोडणी समजा. सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या पातळ तासलेल्या चकत्या, सुकी छोटी मासळी किंवा कोंबु नावाचं समुद्री शेवाळ यांचा हलका अर्क; तो मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाच्या सारात, उकडलेल्या भाज्यांत, सोबा शेवयांबरोबरच्या चटकदार पाण्यात, तेंपुरा म्हणजे तिथल्या भज्यांबरोबरच्या वाटीत, सगळीकडे असतो. आपण आमटीत हिंग घातला हे जसं कोणी मुद्दाम सांगत नाही, तसं तिथली बाई ‘यात मासा आहे’ असं सांगत नाही. तिच्या लेखी तो पदार्थच भाजीचा असतो.

हे मी एका कुटुंबाची रात्र बिघडवून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका डोंगरातल्या घरगुती निवासात आरक्षण करताना मी फक्त ‘चौघी शाकाहारी’ एवढंच कळवलं होतं. मालकीणबाईंनी मासे आणि मांस काढलं, दुपारभर खपून अकरा वाट्या मांडल्या : भोपळा, रताळं, रानभाज्या, कमळाचा देठ, तोफू. माझ्याबरोबरच्या काकूंनी पहिला घास घेतला आणि चॉपस्टिक खाली ठेवल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं तर अकरापैकी आठ वाट्यांत माशाची दाशी होती. काकू कोरडा भात आणि लोणचं खाऊन उठल्या. मालकीणबाई दारात गुडघ्यांवर बसून पुन्हा पुन्हा माफी मागत राहिल्या, आणि चूक त्यांची नव्हतीच. मी ‘शाकाहारी’ हा शब्द दिला होता, पदार्थांची नावं दिली नव्हती. तेव्हापासून मी तो शब्द वापरतच नाही. काय चालत नाही आणि काय चालतं हे एकेक करून लिहिते. तो मजकूर शेवटी देते.

त्याआधी एक गोष्ट घरी चौघांनी बसून ठरवा : माशाचा तुकडा नको, की माशाचा अर्कही नको? दोन्ही भूमिका मी पाहिल्या आहेत आणि दोन्हींना मान देऊनच आखणी होते. अर्क चालणार असेल तर तुम्हाला जवळजवळ कुठलंही घर मिळेल. चालणार नसेल तर घरं मोजकी उरतात, पण उरतात. कोंबु आणि सुक्या शिइताके अळंब्यांची दाशी हा अस्सल जपानी पर्याय आहे आणि जुन्या हाताच्या बायका तो सहज करतात. त्यांना फक्त आधी कळायला हवं, कारण भिजत घालणं आदल्या रात्रीचं असतं.

त्सुमागोला दोन रात्री का, ते सांगते. एदो म्हणजे आजचं तोक्यो आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणारा नाकासेन्दो हा रस्ता. त्यावर ६९ मुक्काम होते. एदोकडून मोजलं तर त्सुमागो ४२वा आणि मागोमे ४३वा. रेल्वे आली, रस्ता ओस पडला, त्सुमागोची माणसं शहराकडे गेली. १९६८च्या सुमारास उरलेल्या गावकऱ्यांनी पडकी घरं सावरायला घेतली आणि पुढे गावाने मिळून ठरवलं : घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ साली जपानने जुन्या वस्त्यांना राष्ट्रीय संरक्षण द्यायला सुरुवात केली तेव्हा पहिल्याच यादीत त्सुमागो होतं. मुख्य गल्लीत विजेच्या तारा दिसत नाहीत, दिवसा गाड्यांना बंदी. पण हे सगळं अंगावर येतं ते संध्याकाळी, शेवटची बस गेल्यावर. लाकडी जाळ्यांमागे दिवे लागतात, पन्हळीतल्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागतो, आणि गल्लीत तुम्ही आणि कुठली तरी आजी आपलं अंगण झाडत असते. सकाळी अकराला येऊन तीनला जाणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही.

मागोमे ते त्सुमागो ही वाट सुमारे आठ किलोमीटर, साधारण तीन तास. चालायचं तर मागोमेकडून निघा. त्या बाजूने खिंडीपर्यंत दोनशे मीटरच्या आसपास चढ आणि मग उतार. वाटेत अस्वलांना चाहूल द्यायला घंटा टांगलेल्या आहेत, त्या वाजवत जायचं. एका जुन्या चहाच्या घरात वाटसरूंना चहा देतात, तिथे जरूर टेका. दोन्ही आयांसाठी मी पूर्ण वाट सुचवणार नाही. उतार लांब आहे आणि गुडघ्यांना चढापेक्षा तोच जड जातो. तुम्ही दोघं चाला. त्या बसने मागोमेला येऊन परत बसनेच जाऊ देत, आणि संध्याकाळी चौघं मिळून गावाशेजारच्या सपाट वाटेने फिरा. बस दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

दिवाळीचे दिवस या भागात खाण्याच्या दृष्टीने भाग्याचे. नाकात्सुगावा परिसरात शरदात कुरी-किंतोन करतात : उकडलेल्या चेस्टनटचा गर आणि साखर, एवढंच. तो गरम गर ओल्या फडक्यात घेऊन पिळतात आणि वरती कळ्या पडून जो आकार येतो तो पाहून तुमच्या सासूबाई मोदक म्हणतील, मी पैज लावते. नुसत्या चेस्टनटचा असेल तर निर्धास्त खा. गोहेइ-मोचीही तिथलीच : अर्धवट कुटलेला भात काडीला थापून, अक्रोड आणि सोया सॉस किंवा मिसोचं वाटण लावून निखाऱ्यावर भाजलेला. वाटणात दाशी आहे का एवढं विचारा. आणि सुंकी. डोंगरात मीठ मिळेना म्हणून किसोच्या लोकांनी लाल सलगमाचा पाला मिठाशिवाय आंबवायला सुरुवात केली. नुसत्या आंबटपणावर टिकणारं हे लोणचं मला दरवर्षी पुन्हा नव्याने आवडतं. नोव्हेंबरात नवीन घाणा सुरू होतो.

तिथून ताकायामाला जाताना परत नागोयाला येऊन हिदा एक्स्प्रेस घ्या. सव्वादोन ते अडीच तास, बराचसा रस्ता हिदा नदीच्या काठाने, आणि त्या दिवसांत दोन्ही डोंगर लाल-पिवळे असतात. ताकायामा गाव नाही, लहानसं शहर आहे, आणि म्हणूनच मी तिथे तीन रात्री ठेवते. दोन मुक्कामांच्या मध्ये खुर्ची, पलंग, लिफ्ट आणि स्वतःच्या हाताने जेवण निवडायची मोकळीक आयांना हवीच असते. निवासात जेवण न घेता राहा. सकाळी मियागावा नदीकाठच्या बाजारात सफरचंदं, लाल सलगमाचं लोणचं, शेतातल्या आजीबाईंशी बोलणं. इथला मिताराशी-दांगो गोड नसतो. तांदळाच्या पिठाच्या गोळ्या नुसता सोया लावून भाजतात. होबा-मिसो म्हणजे मॅग्नोलियाच्या वाळलेल्या पानावर मिसो, कांद्याची पात आणि अळंबी ठेवून खालून शेगडी. केळीच्या पानावर भाजलेल्या पदार्थाला येतो तसा पानाचा वास त्याला येतो. साध्या भाताबरोबर पोटभर होतं.

शिराकावा-गोबद्दल लोक मला विचारतात की दिवसात होत नाही का. ताकायामाहून बस पन्नास मिनिटांत नेते, तेव्हा होतं. १९९५ पासून जागतिक वारसा आहे, बसगाड्यांची रांग असते, दुपारी गल्लीत माणसांची डोकीच दिसतात. पण हात जोडल्यासारख्या, साठ अंशांच्या उतरणीच्या त्या छपराखाली रात्र काढली की घर कळतं. मधोमध चूल. तिचा धूर वर चढतो आणि छपराचं गवत, दोऱ्या, वासे यांना कीड लागू देत नाही. वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत, म्हणून एवढे मोठे माळे. छपराला लोखंडी खिळा नाही, सगळी बांधणी दोऱ्यांची. तीस-चाळीस वर्षांनी गवत बदलायचं तर शंभर-दोनशे माणसं लागतात आणि ती गावातूनच येतात. आज तुमच्या घरी मी, उद्या माझ्या घरी तुम्ही. त्याला ते ‘युइ’ म्हणतात. आपल्याकडची इर्जिक ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिथे अडचण एकच. बहुतेक घरांच्या ताटात हिदाचं गोमांस आणि नदीचा मासा ही मानाची वाढणी असते. ते वगळून, दाशीही बदलून देणारं घर मिळालं तर राहा. नाहीच मिळालं तर ताकायामातून सकाळच्या पहिल्या बसने जा, गर्दीच्या आधी दोन तास फिरा आणि पुढे कानाझावा गाठा. उपाशी झोपण्यापेक्षा ते बरं. कानाझावाची बस आरक्षणानेच मिळते हे लक्षात ठेवा. आणि मार्च २०२४ पासून शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन त्सुरुगापर्यंत वाढली आहे, त्यामुळे कानाझावाहून ओसाकाला जाताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. जुन्या प्रवासवर्णनांत थेट गाडी लिहिलेली असते.

कोयासान मी मुद्दाम शेवटी ठेवते. कूकाई या भिक्षूने ८१६ साली या डोंगरावर मठ उभारायला घेतला. आज तिथल्या पन्नासच्या आसपास मंदिरांत प्रवाशांना राहता येतं, आणि जेवण शोजिन म्हणजे भिक्षूंच्या पथ्याचं असतं : मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या तुमच्या सासूबाईंना हे ऐकूनच घरी आल्यासारखं वाटेल. तिळाचं तोफू, गोठवून सुकवलेलं कोया-तोफू, पाच-सहा प्रकारच्या भाज्या, सार, भात. आठ दिवस ‘यात काय आहे’ विचारून थकलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा न विचारता जेवता येतं, म्हणून दोन रात्री. एक खबरदारी मात्र घ्या : अर्क अजिबात नको असेल तर इथेही आरक्षणात तसं लिहा.

ओकुनोइनचं स्मशान सकाळी लवकर पाहा. उंच सुगी वृक्षांखाली दोन किलोमीटरची वाट, दोन लाखांहून अधिक समाध्या. त्यांतल्या बऱ्याच पाच दगडांच्या आहेत : खाली चौकोन, त्यावर गोल, मग त्रिकोणी टोपी, अर्धगोल आणि वर कळी. त्यांवर अक्षरं कोरलेली असतात, सिद्धम् लिपीतली, जी भारतातून चीनमार्गे तिथे गेली. खालून वर वाचा : अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. आपलीच पंचमहाभूतं, आपल्याच क्रमाने. मी हे पहिल्यांदा ओळखलं तेव्हा तिथेच थांबले आणि पुढचा तासभर एकेक समाधी वाचत गेले. काही मंदिरांत ‘अ’ या अक्षराकडे पाहत करायचं ध्यान शिकवतात, त्याला आजिकान म्हणतात. आईंना खाली बसवत नसेल तर खुर्ची मागा.

डोंगरावर चढणाऱ्या केबल गाडीनंतर बस जिथून वस्तीत शिरते तिथे न्योनिन्दो म्हणजे स्त्रियांचं दालन लागतं. १८७२ साली सरकारने बंदी उठवण्याआधी बायकांना त्याच्या पुढे पाऊल टाकता येत नव्हतं. त्या बाहेरच्या कड्यांवरून डोंगराला वळसा घालत आणि आतली देवळं लांबून पाहत. आई-सासूबाईंना घेऊन जाताय, तर तिथे दोन मिनिटं उतरा.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलेलं नाही. मांडी घालून बसता येत असेल आणि जमिनीवरच्या गादीवरून उठता येत असेल तर सगळं जमेल. नसेल तर तळमजल्याची खोली आणि जेवायला खुर्ची आधीच मागा. जुन्या घरांचे जिने शिडीसारखे असतात. शौचालय बहुतेक ठिकाणी पाश्चात्त्य पद्धतीचं असतं. अंघोळीचं घर सामायिक, पण छोट्या निवासांत एका वेळी एकच कुटुंब आत जातं. टाकीबाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग गरम पाण्यात उतरायचं, आणि निघताना टाकी रिकामी करायची नाही, कारण तेच पाणी पुढच्यांसाठी असतं.

थंडी गांभीर्याने घ्या. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी असो की नोव्हेंबरच्या मध्यावर, या गावांत पहाटे पारा सहज पाचच्या खाली जातो आणि लाकडी घरांच्या भिंती पातळ असतात. लोकरीचे मोजे दोन जोड जास्त घ्या. ३ नोव्हेंबरला जपानमध्ये सुट्टी असते, तिच्या आसपासचा शनिवार-रविवार गावांत काढू नका. ते दिवस ओसाका किंवा नागोयात घाला.

पासचं उत्तर : देशभराचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. या मार्गावर तो वसूल होत नाही. ताकायामा-होकुरिकु भागाचा पाच दिवसांचा पास आहे, त्यात नागोया ते ओसाकाचा हा टप्पा आणि शिराकावा-गोच्या बस येतात. तुमचे दिवस त्या पाचात बसवता आले तर तो बघा. कोयासानची गाडी खासगी कंपनीची, तिचं तिकीट वेगळं. मोठ्या बॅगा नागोयाहून ताकायामाच्या हॉटेलवर आणि तिथून ओसाकाला ताक्क्यूबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेने पाठवा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पोचतात. रोख येन जवळ हवेतच, घरगुती निवासांत कार्ड चालेलच असं नाही. घरून मेतकूट आणि कोरड्या चटण्या न्या. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं विमानतळावर अडवतात. चटणी स्वतःच्या पानात घ्या, पण मालकीणबाईंना एकदा दाखवून घ्या. उत्सुकतेने वास घेतात आणि रेसिपी विचारतात.

आणि तो मजकूर. आरक्षण नक्की करण्यापूर्वी, दोन-तीन महिने आधी, जपानी लिपीत लिहून पाठवा. फोनवरचं भाषांतर एवढ्या साध्या वाक्यांना पुरतं. ‘आमच्यातल्या दोघी मांस, मासे, कोळंबी-शिंपले आणि अंडं खात नाहीत. कात्सुओ आणि सुक्या मासळीची दाशीही खात नाहीत. कोंबु आणि शिइताकेची दाशी, सोया, मिसो, तोफू, भाज्या, भात चालतो. पदार्थ कमी असले तरी चालतील.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ताट भरगच्च दिसलं नाही तर पाहुण्याचा अपमान होईल ही त्यांची भीती त्याने जाते. तोंडी सांगायचं झालं तर ‘निकु, साकाना, तामागो, कात्सुओ-दाशी, ताबेरारेमासेन’ आणि मग ‘कोंबु-दाशी, दाइजोबु’. उत्तरात ‘मुझुकाशी’ म्हणजे ‘कठीण आहे’ असा शब्द आला तर तो नकार समजा, आग्रह करू नका, आणि पुढच्या घराला लिहा.